पुन्हा तेच? हो, पुन्हा तेच!

रिपीटच्या शौकिनाला घरात एक टोमणा कायम ऐकावा लागतो: “शेवट ठाऊक आहे ना? मग काय बघायचं त्यात?” अहो, शेवट ठाऊक असतो म्हणूनच तर मजा! पहिल्या खेपेला खुनी कोण, लग्न जमणार की मोडणार, या धाकधुकीत दुसरं काही दिसतच नाही. गोष्ट पाठ झाली की डोळे मोकळे होतात आणि पडद्याच्या कानाकोपऱ्यात हिंडू लागतात. जुन्या अमेरिकी मालिका आणि जुनं हॉलिवूड यांच्या कोपऱ्यांत तर खजिना दडलाय. शिवाय यातले काही पहिल्या खेपेला चक्क आपटले होते. त्यांना तारलं ते रिपीटनेच.

ल्युसीबाईंचा सौदा

‘आय लव्ह ल्युसी’ ऑक्टोबर १९५१मध्ये सुरू झाली. तेव्हा बऱ्याच मालिका न्यूयॉर्कहून थेट प्रसारित व्हायच्या. दूरच्या शहरांना मिळायचं ते टीव्हीच्या पडद्यावरून कॅमेऱ्याने टिपलेलं धूसर चित्र. ल्युसिल बॉल आणि तिचा नवरा डेसी आर्नाझ यांना कॅलिफोर्निया सोडायचं नव्हतं. त्यांनी समोर प्रेक्षक बसवून, तीन कॅमेरे लावून मालिका सिनेमाच्या फिल्मवर चित्रित करायचं ठरवलं. खर्च वाढला, म्हणून दोघांनी आपलं मानधन कमी करून घेतलं आणि बदल्यात भागांची मालकी मागितली. मिळालीही! एकदा पाहिलेला भाग पुन्हा कोण बघणार, असाच तो काळ होता. पुढे हेच भाग पुन:पुन्हा दाखवले गेले, हक्क विकून लाखो डॉलर आले. ज्या आरकेओ स्टुडिओत ल्युसिल एकेकाळी करारावरची साधी नटी होती, तो स्टुडिओच १९५७मध्ये या जोडप्याने विकत घेतला.

कॅमेऱ्यामागे होते कार्ल फ्रॉइंड. जर्मनीत ‘मेट्रोपोलिस’सारख्या मूकपटाचं छायाचित्रण केलेला हा माणूस इथे ल्युसीचा गोंधळ उजळून काढत होता.

बाळापुढे राष्ट्राध्यक्ष फिके

ल्युसिलला खरोखरच दिवस गेले आणि ते कथेत घेतले गेले. फक्त ‘प्रेग्नंट’ हा शब्द उच्चारायला बंदी! १९ जानेवारी १९५३ला पडद्यावर बाळ जन्मलं आणि त्याच दिवशी ल्युसिललाही मुलगा झाला. तो भाग सुमारे ४ कोटी ४० लाख लोकांनी पाहिला. दुसऱ्या दिवशी आयझेनहॉवर यांचा शपथविधी होता. त्याला एवढे प्रेक्षक मिळाले नाहीत.

काळ्या-पांढऱ्याच्या थापा

‘द अ‍ॅडम्स फॅमिली’चा तो भुताटकीचा दिवाणखाना आठवतोय? सेटवर तो चक्क गुलाबी होता. काळ्या-पांढऱ्या चित्रीकरणात गुलाबी रंगाची हवी तशी करडी छटा उमटायची. हिचकॉकच्या ‘सायको’मध्ये (१९६०) न्हाणीघरातून वाहून जातं ते रक्त म्हणजे चॉकलेट सिरप. सुरी खुपसल्याचा आवाज खरबुजाच्या जातीच्या एका फळाचा. एकदा हे कळलं की त्या दृश्यात किंचाळावं की फ्रीज उघडावा, कळत नाही.

साहेबांच्या नावाची बुडती नाव

१९६१मध्ये न्यूटन मिनो नावाच्या बड्या सरकारी अधिकाऱ्याने टीव्हीला उजाड माळरान म्हणून झोडपलं. ‘गिलिगन्स आयलंड’चे निर्माते शेरवूड श्वार्ट्झ यांनी वादविवाद वगैरे केला नाही. आपल्या मालिकेत बेटावर आपटून फुटणाऱ्या बोटीचं नाव त्यांनी ‘मिनो’ ठेवलं! मालिका १९६७मध्ये ९८ भागांवर आटोपली, पण रिपीटमध्ये ती बोट पिढ्यान्‌पिढ्या फुटत राहिली. पहिल्या वर्षीची शीर्षकं नीट पाहा: बंदरातला झेंडा अर्ध्यावर आहे. चित्रीकरण नोव्हेंबर १९६३मधलं, नुकतीच केनेडींची हत्या झाली होती.

बाटलीतली राक्षसीण

‘आय ड्रीम ऑफ जीनी’ आपल्याकडे नव्वदच्या दशकात सोनीवर हिंदीत बोलली, म्हणून ती घरचीच. ज्या बाटलीतून ती धुरासारखी निघते, ती मुळात व्हिस्कीची शोभेची बाटली होती, वरून रंगवलेली. वाहिनीवाल्यांना व्हिस्कीचं काही वाटलं नाही. त्यांची करडी नजर होती ती जीनीची बेंबी दिसते का, यावर.

घामाघूम बर्फ

फ्रँक काप्राचा ‘इट्स अ वंडरफुल लाइफ’ (१९४६) पडला. पुढे १९७४मध्ये कॉपीराइटचं नूतनीकरण करायचं राहून गेलं. फुकटातला सिनेमा म्हटल्यावर टीव्ही केंद्रांनी दर डिसेंबरला तो दाखवायचा सपाटा लावला आणि पडेल चित्रपट अमेरिकेचा नाताळचा मानकरी झाला.

या सिनेमाआधी पडद्यावर बर्फ म्हणजे पांढरे रंगवलेले कॉर्नफ्लेक्स. पायाखाली ते असे करकरायचे की संवाद नंतर पुन्हा ध्वनिमुद्रित करावे लागत. काप्राच्या माणसांनी आग विझवायचा फेस, साबण, साखर आणि पाणी घोटून मुका बर्फ बनवला. अकादमीने त्याबद्दल तांत्रिक पुरस्कार दिला. चित्रीकरण मात्र भर उन्हाळ्यातलं. पुलाच्या प्रसंगात जेम्स स्टुअर्टचा चेहरा बघा, हिमवादळात बिचाऱ्याला घाम फुटलाय.

रंगीत जादू, पण कुणाच्या घरी?

‘द विझार्ड ऑफ ओझ’मध्ये (१९३९) टिनचा माणूस आधी बडी एब्सन होणार होता. अंगाला फासलेल्या अ‍ॅल्युमिनियमच्या भुकटीने तो थेट इस्पितळात गेला आणि भूमिका जॅक हेलीला मिळाली. पुढे हाच एब्सन ‘द बेव्हर्ली हिलबिलीज’चा नायक म्हणून टीव्हीवर नऊ वर्षं राज्य करून गेला. नोव्हेंबर १९५६मध्ये ‘ओझ’ पहिल्यांदा टीव्हीवर आला. नायिका डोरोथी रंगीबेरंगी दुनियेत पाऊल टाकते, हा सिनेमाचा कळसाचा क्षण. पण रंगीत संच होते कितीजणांकडे? बहुतेक घरांत ती राखाडी गावातून निघून राखाडी गावातच पोचली.

बुटांवर उभा प्रणय

‘कॅसाब्लांका’त (१९४२) हम्फ्री बोगार्ट उंचापुरा वाटतो तो जाड तळव्यांच्या बुटांमुळे. इन्ग्रिड बर्गमन त्याच्यापेक्षा थोडी उंच होती. शेवटच्या प्रसंगातलं विमान छोटं, नकली आहे. ते मोठं भासावं म्हणून भोवती बुटकी माणसं उभी केली आणि उरलंसुरलं धुक्यावर सोपवलं. पियानो वाजवणारा डूली विल्सन प्रत्यक्षात ड्रम वाजवायचा. आणि नाझी मेजर झालेला कॉनराड फाइट? तो नाझींमुळेच जर्मनी सोडून आला होता, बायको ज्यू होती त्याची.

आवाज कुणाचा?

‘सिंगिन’ इन द रेन’ची (१९५२) गंमत ऐका. कथेत जीन हेगन कर्कश आवाजाची नटी आहे, म्हणून डेबी रेनॉल्ड्स पडद्याआडून तिला आपला गोड आवाज देते. प्रत्यक्षात त्या प्रसंगातला गोड बोलण्याचा आवाज खुद्द जीन हेगनचा! डेबीच्या काही गाण्यांना तर बेटी नॉइज या तिसऱ्याच गायिकेचा गळा आहे.

मुंबईची मुलगी

‘वदरिंग हाइट्स’ची (१९३९) नायिका मर्ल ओबेरॉन हिचा जन्म १९११चा, आपल्या मुंबईतला. बालपण कलकत्त्यात गेलं. त्या काळच्या हॉलिवूडमध्ये मिश्र वंश कळला असता तर कारकीर्दच संपली असती. म्हणून जन्मगाव सांगितलं गेलं दूरचं टास्मानिया. ‘द डार्क एंजल’साठी तिला ऑस्करचं नामांकन मिळालं, तरी गुपित फुटलं नाही. १९७८मध्ये टास्मानियातल्या होबार्टने गावची लेक म्हणून तिचा नागरी सत्कारही केला!

१९३७च्या मोटार अपघाताने तिच्या चेहऱ्यावर व्रण राहिले. छायाचित्रकार लुसियन बॅलार्डने कॅमेऱ्याला लागूनच एक खास दिवा बसवला, समोरून पडणाऱ्या उजेडात व्रण गायब. त्या दिव्याला आजही ‘ओबी’ म्हणतात. बॅलार्डशी तिने पुढे लग्न केलं.

कुलूपबंद हशा

विनोदी मालिकांतला हशा बराचसा एका पेटीतून यायचा. चार्ली डग्लस या इंजिनिअरने पन्नासच्या दशकात ती बनवली. टाइपरायटरसारख्या कळा दाबायच्या, हवा तो हशा काढायचा: गालातल्या गालात, खो-खो, एखादं किंचाळतं हसू. पेटीला कायम कुलूप असे. ‘मॅश’च्या निर्मात्यांनी मात्र एक अट घातली, ऑपरेशन थिएटरमधल्या दृश्यांत हशा नको. ब्रिटनमध्ये बीबीसीने तर मालिका जवळजवळ सगळीच हशाविना दाखवली. कोरियाचं युद्ध तीन वर्षं चाललं, त्यावरची ही मालिका अकरा.

रिपीटवाल्यांची ताकद

ल्युसिलच्या ‘डेसिलू’ कंपनीनेच ‘स्टार ट्रेक’ काढली. १९६६ ते ६९, अवघे ७९ भाग, आणि मालिका बंद. पण सत्तरच्या दशकात गावोगावच्या केंद्रांवर तिची रिपीट लागली आणि जन्माला आली चाहत्यांची फौज. ऐंशीच्या दशकात दूरदर्शनने रविवारी सकाळी ती दाखवली, तेव्हा आपल्याकडच्याही अनेकांच्या आंघोळी लांबल्या. १९७६मध्ये नासाची पहिली स्पेस शटल तयार होत होती, नाव ठरलं होतं ‘कॉन्स्टिट्यूशन’. चाहत्यांनी व्हाइट हाउसवर पत्रांचा असा पाऊस पाडला की नाव बदलून मालिकेतल्या यानाचं, ‘एंटरप्राइझ’, ठेवावं लागलं. अनावरणाला मालिकेतले बरेच कलाकार हजर होते.

फक्त एक बारीकशी अडचण झाली. ती शटल निव्वळ हवेतल्या चाचण्यांसाठी बनवलेली होती. अवकाशात ती कधी गेलीच नाही.