टॉवरने नाव घेतल्याशिवाय आत नाही

अमेरिकेत छंद म्हणून विमान चालवणाऱ्यांसाठी २००४ पासून ‘स्पोर्ट पायलट’ हे वेगळं प्रमाणपत्र आहे. त्याला प्रशिक्षणाचे तास कमी लागतात आणि बहुतेकांना वैद्यकीय प्रमाणपत्राऐवजी मोटारीचं लायसन्स पुरतं. त्यामुळे निवृत्तीनंतर उडायला शिकणाऱ्यांची चांगली सोय झाली. एक अट मात्र कायम आहे. कंट्रोल टॉवर असलेल्या विमानतळाच्या हवाई हद्दीत या पायलटला आपणहून शिरता येत नाही. त्यासाठी वेगळं प्रशिक्षण घ्यावं लागतं आणि प्रशिक्षकाने लॉगबुकात तशी नोंद करून खाली सही करावी लागते. या नोंदीला एन्डॉर्समेंट म्हणतात.

कॅलिफोर्नियात स्थायिक झालेले आमच्या ओळखीचे एक काका, निवृत्त इंजिनिअर, या एन्डॉर्समेंटची तयारी करत होते. ऑक्टोबर २०२५ पासून नियम बदलले आणि स्पोर्ट पायलटना चार सीटांचं सेस्ना १७२ चालवायची मुभा मिळाली, अर्थात सोबत एकच प्रवासी या अटीवर. प्रशिक्षणाच्या उड्डाणात जबाबदारी प्रशिक्षकाची, म्हणून मागच्या सीटवर मला जागा मिळाली.

काकांचा सराव बायरनचा. सॅन फ्रान्सिस्कोच्या पूर्वेला, सपाट शेतजमिनीतला हा छोटा विमानतळ. इथे टॉवर नाही. ग्लायडर असोत की इंजिनाची विमानं, जो तो एकाच फ्रिक्वेन्सीवर आपण कुठे आहोत, कुठे वळणार हे सांगत राहतो. ‘बायरन ट्रॅफिक’ म्हणून साद घालायची ती सगळ्यांना. उत्तर द्यायला कोणी बांधलेलं नाही. इथून दहा-बारा नॉटिकल मैलांवर, आल्टामाँट खिंडीच्या पलीकडे लिव्हरमोर. तिथे समांतर दोन धावपट्ट्या आणि टॉवर. आज तिथे जायचं होतं.

त्याआधी टेबलावर नकाशा पसरून बराच वेळ गेला. लिव्हरमोरभोवती निळी तुटक रेघ होती. ही डी वर्गाची हद्द. साधारणपणे ती जमिनीपासून अडीच हजार फुटांपर्यंत असते. त्याहून गजबजलेल्या ओकलंड आणि सॅन होजेभोवती सी वर्ग, आणि सॅन फ्रान्सिस्कोच्या डोक्यावर, थरावर थर चढवलेला, बी वर्ग. प्रशिक्षक तिशीची तरुणी. तिने काकांना विचारलं, “आत जायची परवानगी कधी मिळाली असं समजायचं?”

उत्तर वर्गागणिक बदलतं. बी वर्गात ‘क्लिअर्ड’ हा शब्द कानावर पडल्याशिवाय आत जायचं नाही. सी आणि डी वर्गात तेवढ्याची गरज नसते. दोन्ही बाजूंनी संपर्क झाला की पुरे. आता संपर्क झाला हे कसं ओळखायचं? कंट्रोलरने तुमच्या विमानाचा नंबर उच्चारला तर. नंबर घेऊन तो “स्टँड बाय” म्हणाला तरी तुम्ही आत जाऊ शकता. नंबर न घेता “हाक मारणारं सेस्ना, स्टँड बाय” म्हणाला, तर बाहेरच थांबायचं. सोसायटीच्या गेटवर वॉचमनने “कोण आहे, थांबा” म्हणणं आणि “जोशीसाहेब, एक मिनिट” म्हणणं यांत जेवढा फरक, तेवढाच हा.

मग रेडिओवर काय बोलायचं याची उजळणी झाली. कोणाला हाक मारतोय, आपण कोण, कुठे आहोत, काय हवंय. बस्स, या चारच गोष्टी, याच क्रमाने. सोबत हवामानाच्या ध्वनिमुद्रित माहितीचं अक्षर सांगायचं, म्हणजे वारा आणि हवेचा दाब तुम्ही आधीच ऐकलाय हे टॉवरला कळतं. काका विमानाभोवती फिरून तपासणी करत होते, इंधन काचनळीत घेऊन पाणी आहे का ते पाहत होते, आणि तोंडाने हेच वाक्य पुटपुटत होते.

खिंडीवरून जाताना खाली पवनचक्क्यांच्या रांगा दिसत होत्या, आणि वारा विमानाला हलवत होता. मांडीवरच्या पाटीवर काकांनी हवामानाच्या माहितीचं अक्षर लिहून ठेवलं होतं. त्यांनी बटण दाबून पहिली हाक दिली. टॉवर दुसऱ्या दोन विमानांशी बोलण्यात गुंतलेला. उत्तर आलं ते नंबरावाचून: “हाक मारणारं विमान, स्टँड बाय.” प्रशिक्षक काही बोलली नाही, फक्त काकांकडे पाहिलं. काकांनी डाव्या हाताला वळण घेतलं आणि निळ्या रेघेच्या अलीकडेच, पवनचक्क्यांच्या डोक्यावर, एक गोल घिरटी घातली. घिरटी पूर्ण होताच पुन्हा हाक दिली. या वेळी नंबर ऐकू आला, पाठोपाठ सूचना: सरळ आत या, धावपट्टी २५ उजवी, तीन मैलांवर आलात की कळवा.

काकांनी सूचना जशीच्या तशी परत म्हणून दाखवली. हे परत म्हणणं शिष्टाचारापुरतं नाही. ऐकण्यात चूक झाली असेल तर ती इथेच पकडली जाते.

थोड्याच वेळात टॉवरने सांगितलं, तुम्ही दुसऱ्या क्रमांकावर, पुढे एक चेरोकी विमान आहे. काका म्हणाले, “शोधतोय.” काही सेकंदांनी ती पांढरी पाठ दिसली तेव्हाच त्यांनी “दिसलं” असं कळवलं. या दोन उत्तरांमधला फरक प्रशिक्षकाने फार काटेकोरपणे पाळायला लावला होता. कारण डी वर्गात टॉवर क्रम लावतो, धावपट्टी सांभाळतो, आजूबाजूच्या विमानांची माहिती देतो. पण नजरेच्या भरवशावर उडणाऱ्या दोन विमानांमध्ये अंतर राखायची जबाबदारी पायलटचीच राहते. न दिसलेलं विमान दिसलं म्हणालात, तर तुमच्या शब्दावर पुढची आखणी होते.

नियमात टॉवरच्या विमानतळावर तीन टेकऑफ आणि पूर्ण थांबून तीन लँडिंग मागितली आहेत, प्रत्येक वेळी धावपट्टीभोवतीच्या चौकोनातून फिरून. त्यातल्या एका फेरीत टॉवरने आखूड डावी धावपट्टी घ्याल का, असं विचारलं. काका क्षणभर थांबले आणि म्हणाले, “अनेबल,” म्हणजे जमणार नाही. टॉवरने लगेच दुसरी व्यवस्था केली. आयुष्यभर साहेबाला ‘हो’ म्हणत आलेल्या माणसाला हा शब्द जड जातो, पण विमानाच्या सुरक्षिततेबाबत अंतिम अधिकार पायलटचाच, असं नियमच सांगतो. अधिकाऱ्याचं ऐकायचं आणि न झेपणारं नाकारायचं, या दोन्ही गोष्टी एकाच प्रशिक्षणात शिकवल्या जातात.

रेडिओ बंद पडला तर काय, हेही त्यात येतं. टॉवर रंगीत दिवा दाखवतो: हवेत असताना स्थिर हिरवा म्हणजे उतरा, स्थिर लाल म्हणजे इतरांना वाट द्या आणि घिरट्या घालत राहा, लुकलुकता लाल म्हणजे विमानतळ असुरक्षित, उतरू नका.

ऑस्ट्रेलियातही २०१४ पासूनच्या मनोरंजनात्मक पायलट परवान्यावर नियंत्रित हद्दीसाठी अशीच वेगळी नोंद लागते. छंदी पायलटांना आत घेतलं तर गोंधळ होईल, असं म्हणणारे सगळीकडे भेटतात. मागच्या सीटवरून मला तरी ही भीती फोल वाटली. विमान हाताळणं काकांना आधीच येत होतं. इथे शिकायचं होतं ते ऐकणं, नेमकं बोलणं आणि वेळेला थांबणं. हे शिकलेल्या माणसाला बाहेर ठेवण्यात अर्थ नाही, आणि न शिकलेल्याला आत सोडण्यातही नाही. सही त्यासाठीच आहे.

तेव्हा परदेशातल्या एखाद्या हौशी पायलट मित्राने “चल, एक चक्कर मारून आणतो” म्हटलं, तर जरूर जा. पण टॉवर असलेल्या विमानतळावर न्यायचा बेत असेल, तर आधी विचारा: त्या हद्दीत जायचा परवाना किंवा लॉगबुकातली सही आहे ना? चांगल्या पायलटला या प्रश्नाचा राग येत नाही.