शौर्य म्हणजे काय? दोन सेनापती आणि सॉक्रेटिस

प्राचीन ग्रीक संवादांमधले नीतीचे प्रश्न आपण एकेक करून समजून घेत आहोत. आजच्या संवादाच्या निवडीत माझा थोडा पक्षपात आहे, हे आधीच सांगून टाकतो. मी आयुष्याची तीस वर्षे पायदळात काढली, आणि आजच्या संवादात ज्यांची उलटतपासणी होते ते दोघेही सेनापती आहेत. संवादाचे नाव ‘लाखेस’. लेखक अर्थातच प्लेटो. प्रश्न एकच आहे : शौर्य म्हणजे काय?

हा प्रश्न ऐकून तुम्ही म्हणाल, यात विचारण्यासारखे काय आहे? शूर माणूस दिसला की कळतो. लाखेसलाही अगदी तसेच वाटत होते. आधी प्रसंग समजून घेऊ.

लिसिमाखस आणि मेलेसियास नावाचे दोन वयस्कर बाप आहेत. दोघेही थोर पुरुषांचे मुलगे. लिसिमाखसचे वडील म्हणजे ‘न्यायी’ म्हणून प्रसिद्ध असलेला अरिस्टायडीज. पण या दोघांनी स्वतः आयुष्यात सांगण्यासारखे काही केलेले नाही, आणि ते हे मोकळेपणाने कबूल करतात. आमचे वडील राज्यकारभारात गुंतले होते, आमच्याकडे लक्ष द्यायला त्यांना सवड नव्हती, निदान आमच्या मुलांचे तसे होऊ नये, असे त्यांचे म्हणणे. म्हणून ते दोन नामांकित सेनापतींना, निकियास आणि लाखेस यांना, सल्ला विचारायला बोलावतात. पूर्ण चिलखत घालून लढण्याची कला शिकवणाऱ्या एका उस्तादाचे प्रात्यक्षिक चौघांनी नुकतेच पाहिलेले आहे. ही विद्या मुलांना शिकवावी का?

निकियास म्हणतो, जरूर शिकवा. व्यायाम होईल, रणात उपयोग होईल, आणि पुढे सेनापतीची विद्या शिकण्याची गोडी लागेल. लाखेस म्हणतो, यात काही दम असता तर स्पार्टाच्या लोकांनी ती आधी उचलली असती. मग तो या उस्तादाचा एक किस्सा सांगतो. या गृहस्थाने भाल्याच्या टोकाला विळा बसवून एक नवे हत्यार बनवले होते. समुद्रावरच्या लढाईत तो विळा शत्रूच्या जहाजाच्या दोरखंडांत अडकला. ओढून निघेना. दोन्ही जहाजे एकमेकांना ओलांडून जाऊ लागली, तसा हा भाला धरून आपल्या जहाजावर पळत सुटला. शेवटी कोणीतरी पायाशी दगड मारला तेव्हा त्याने हत्यार सोडले. तो भाला शत्रूच्या जहाजावर लोंबकळताना पाहून दोन्हीकडचे लोक हसत सुटले.

दोन सेनापतींची दोन मते झाली. लिसिमाखस सॉक्रेटिसला म्हणतो, आता तुझे मत कोणाच्या बाजूला ते सांग, म्हणजे निकाल लागेल. सॉक्रेटिस म्हणतो, अशा गोष्टीचा निकाल मते मोजून लावायचा की जाणकाराला विचारून? आणि जाणकार कोण हे ठरवायचे तर आपण कशाबद्दल बोलतो आहोत ते आधी माहीत हवे. मुलांमध्ये शौर्य यावे अशी इच्छा आहे ना? मग शौर्य म्हणजे काय ते सांगा.

सॉक्रेटिसला हा प्रश्न विचारण्याचा अधिकार होता. इ. स. पू. ४२४ मध्ये डेलियमच्या लढाईत अथेन्सचा दारुण पराभव झाला. जवळजवळ हजार सैनिक आणि खुद्द सेनापती मारले गेले. त्या पळापळीत सॉक्रेटिस आणि लाखेस बरोबर होते. सगळे सॉक्रेटिससारखे वागले असते तर शहराची मान खाली गेली नसती, असे या संवादात लाखेसच सांगतो.

आता लाखेसचे उत्तर ऐका. जो आपल्या जागेवर उभा राहतो, शत्रूला तोंड देतो आणि पळत नाही, तो शूर. फौजेतल्या कुणालाही हे पटेल. ग्रीक पायदळाची तर सगळी रचनाच यावर उभी होती. ढालीला ढाल भिडवून रांग धरायची. एकाने जागा सोडली की शेजारच्याची बाजू उघडी पडली.

सॉक्रेटिस म्हणतो, ठीक. पण सिथियन घोडेस्वार तर पळता पळता लढतात. आणि तुझे लाडके स्पार्टन? प्लाटियाच्या लढाईत ते पर्शियनांसमोरून मागे हटले, शत्रूची रांग विस्कटल्यावर वळले, आणि जिंकले. ते भित्रे होते काय? गनिमी काव्याच्या गोष्टी ऐकत वाढलेल्या आपल्यासारख्यांना हा मुद्दा फार समजावून सांगावा लागत नाही. आम्हाला लष्करी प्रशिक्षणात आगेकूच, हल्ला आणि बचाव यांच्याच पंक्तीला माघार शिकवत. शिस्तीत घेतलेली माघार हे सर्वांत अवघड काम मानले जाते.

पुढे सॉक्रेटिस आणखी एक पाऊल टाकतो. मला फक्त रणातले शौर्य विचारायचे नाही, तो म्हणतो. समुद्रात, आजारपणात, गरिबीत, राजकारणात, आणि स्वतःच्या हव्यासाशी लढतानाही माणसे शूर असतात. या सगळ्यांत समान काय आहे? आपल्याकडे शत्रूसमोरच्या पराक्रमासाठी परमवीर चक्र आहे आणि शत्रू समोर नसतानाच्या शौर्यासाठी अशोक चक्र आहे. म्हणजे शौर्याची अनेक ठिकाणे आहेत हे आपणही मानतो. पण या दोन ठिकाणी एकच गोष्ट आहे असे आपण कशावरून म्हणतो?

लाखेस दुसरे उत्तर देतो : शौर्य म्हणजे मनाचा चिवटपणा. पण चिवटपणा मूर्खपणाचाही असतो. मग शहाणपणाचा चिवटपणा म्हणू या? सॉक्रेटिस इथे पेच टाकतो. आपल्याकडे कुमक येणार आहे, शत्रू संख्येने कमी आहे, जागा आपली चांगली आहे, असा हिशेब करून टिकून राहणारा एक सैनिक आहे. आणि समोरच्या फौजेत यातले काहीही नसताना टिकून राहणारा दुसरा आहे. जास्त शूर कोण? लाखेस म्हणतो, दुसरा. पण शहाणपण तर पहिल्याकडे होते! लाखेस वैतागतो. शौर्य काय ते मला कळते आहे, फक्त शब्दांत सापडत नाही, असे तो म्हणतो. मला हा माणूस फार आवडतो.

आता निकियासची पाळी. त्याचे उत्तर जास्त मुरलेले आहे. कशाची भीती बाळगावी आणि कशाची बाळगू नये, याचे ज्ञान म्हणजे शौर्य. म्हणून सिंह किंवा लहान मूल शूर नव्हे. त्यांना धोका कळत नाही, ती नुसती बेडर असतात. लाखेस अडवतो : मग आजारात कशाला भ्यायचे हे वैद्याला कळते, तो शूर का? निकियास म्हणतो, नाही. वैद्याला रोग कळतो. या माणसाने जगणे बरे की मरणे बरे, हे वैद्यशास्त्र सांगत नाही.

हे उत्तर खोल आहे. तरी सॉक्रेटिस तेही सोडत नाही. भीती ही पुढे येणाऱ्या वाईटाची असते. पण वाईट आणि चांगले काय हे ज्याला खरोखर कळले, त्याला ते फक्त भविष्यातले कळेल आणि आजचे कळणार नाही, असे होईल का? मग ते ज्ञान म्हणजे सगळाच सद्गुण झाला. आपण तर शौर्य हा सद्गुणाचा एक भाग म्हणून शोधायला निघालो होतो. म्हणजे ते सापडले नाही. संवाद इथेच संपतो. सॉक्रेटिस म्हणतो, मुलांच्या आधी आपल्यालाच शिक्षक शोधायला हवा, या वयात शाळेत जातो म्हणून कोणी हसले तर हसू दे.

उत्तर सापडत नाही म्हणून पुष्कळ वाचक इथे पुस्तक मिटतात. पण प्लेटोने हे लिहिले तेव्हा या दोन सेनापतींचे पुढे काय झाले ते अथेन्सच्या प्रत्येक वाचकाला माहीत होते. ते माहीत असल्याशिवाय हा संवाद पुरता कळत नाही.

लाखेस इ. स. पू. ४१८ मध्ये मांटिनियाच्या लढाईत मारला गेला. निकियासची गोष्ट जास्त दुःखद आहे. इ. स. पू. ४१५ मध्ये अथेन्सने सिसिलीवर मोठी मोहीम काढली. निकियासचा तिला विरोध होता, तरी त्यालाच सेनापती नेमले. दोन वर्षांनी सिराक्यूजपुढे सगळे फसले होते. मदतीला आलेला सेनापती डिमॉस्थेनीस म्हणाला, ताबडतोब निघू या. निकियास तयार होईना. इतिहासकार थुसिडिडीजने त्याचे कारण नोंदवले आहे. परत गेलो तर हेच सैनिक म्हणतील की सेनापतींनी पैसे खाल्ले, आणि लोकसभा आपल्याला खोट्या आरोपाखाली मारील, त्यापेक्षा इथे शत्रूच्या हातून मेलेले बरे, असे त्याचे म्हणणे होते.

शेवटी तो कबूल झाला. निघायची तयारी झाली, आणि चंद्रग्रहण लागले. तारीख होती २७ ऑगस्ट ४१३ इ. स. पू. ज्योतिषांनी सांगितले, तीन नव्वे सत्तावीस दिवस थांबा. बरेच सैनिकही घाबरले होते. निकियास थांबला. तेवढ्यात शत्रूने बंदराचे तोंड अडवले. आरमार बुडाले, फौज जमिनीवरून पळताना पकडली गेली. किमान सात हजार कैदी दगडाच्या खाणींत कोंबले गेले. निकियास आणि डिमॉस्थेनीस यांना ठार मारण्यात आले.

आता संवादातले एक वाक्य आठवा. जाता जाता सॉक्रेटिस निकियाससमोरच म्हणतो की कायद्याने सेनापती ज्योतिषाला आज्ञा देतो, ज्योतिषी सेनापतीला देत नाही. प्लेटोच्या वाचकांना हे वाचताना काय वाटले असेल याची कल्पना करा.

निकियास भित्रा नव्हता. मरायला तो तयार होता. व्याख्याही त्याला पाठ होती. चुकला तो भीतीच्या क्रमात. हजारो सैनिकांच्या नाशापेक्षा आपल्या नावाला लागणारा डाग त्याला मोठा वाटला. अशी माणसे मी नोकरीत पाहिली आहेत. गोळीसमोर छाती काढून जाणारा अधिकारी वरिष्ठांच्या बैठकीत ‘साहेब, या योजनेत जवान फुकट जातील’ हे म्हणताना चाचरतो. गोळीची भीती त्याने जिंकलेली असते. वार्षिक गोपनीय अहवालाची जिंकलेली नसते. आणि त्याची किंमत दुसरेच कोणी मोजतात.

सॉक्रेटिसने स्वतः काय केले? इ. स. पू. ४०६ मध्ये आर्गिनुसीची सागरी लढाई अथेन्सने जिंकली, पण वादळामुळे बुडणाऱ्यांना वाचवता आले नाही. संतापलेल्या लोकसभेला सगळ्या सेनापतींचा एकत्र निकाल लावायचा होता. ते बेकायदेशीर होते. सभेच्या कामकाज मंडळात त्या वेळी सॉक्रेटिस होता. त्याने विरोध केला, लोक ओरडत असताना केला. तरी सहा सेनापतींना मृत्युदंड झालाच. दोन वर्षांनी तीस जुलमी सत्ताधाऱ्यांनी त्याला आणि आणखी चौघांना सांगितले, सालामिसच्या लिऑनला पकडून आणा. चौघे गेले. सॉक्रेटिस सरळ घरी गेला.

पुढे स्वतःच्या खटल्यात तो म्हणाला की पोटिडिया, अँफिपोलिस आणि डेलियम इथे सेनापतींनी नेमलेल्या जागी मी उभा राहिलो, तर आता देवाने नेमलेली जागा मरणाच्या भीतीने कशी सोडू? मरण वाईट आहे की नाही हे मला ठाऊक नाही, अन्याय करणे वाईट आहे हे ठाऊक आहे.

पाहा, लाखेसची ‘जागा’ आणि निकियासचे ‘ज्ञान’ इथे एकत्र आले. भीती सगळ्यांना असते. आपली जागा कोणती, आणि कशाला आधी भ्यायचे, हे ज्याने वेळ येण्याआधी ठरवले आहे, त्याचे पाय वेळ आली की टिकतात. ग्रहण लागल्यावर ठरवायला बसलो तर ज्योतिषीच ठरवतो.

म्हणून एक काम सांगतो. कागद घ्या आणि आपल्याला कशाकशाची भीती वाटते ते लिहा : नोकरी, नाव, नातेवाईक काय म्हणतील, आजार, मरण, आपल्या हातून कुणावर होणारा अन्याय. मग त्यांना क्रमांक द्या. कागद कुणाला दाखवू नका. पण अन्यायाला कितवा क्रमांक मिळाला, ते स्वतः नीट पाहा.

पुढच्या भागात ‘क्रिटो’ घेऊ. तुरुंगाचे दार उघडे असताना सॉक्रेटिस पळाला का नाही, हा त्यातला प्रश्न आहे. जय हिंद.