काय शिकवायचं, त्याआधी काय सोडायचं

घरी शिकणारी मुलं : लेखांक ७

मागच्या आठवड्यात आपण कायद्याची बाजू पाहिली. शिक्षण हक्क कायदा २००९चा. ६ ते १४ वयाच्या मुलाला शाळेत घालणं हे तो पालकाचं कर्तव्य मानतो आणि घरी शिकवण्यासाठी वेगळी तरतूद त्यात नाही. म्हणून घरी शिकवायचं ठरवणाऱ्याने मुक्त शाळेची वाट पहिल्या दिवसापासून माहीत करून घ्यावी, इथवर आपण आलो होतो. त्यानंतर येणारा प्रश्न ठरलेला असतो : "सिलॅबस कुठला घ्यायचा?"

आमच्या बोईसर-तारापूर पट्ट्यात या प्रश्नाला उत्तरं भरपूर मिळतात. बाजारात बालभारतीची पुस्तकं आहेत. अणुऊर्जा वसाहतीतल्या शाळा सीबीएसईच्या, त्यामुळे एनसीईआरटीची जुनी पुस्तकं शेजारीपाजारी सहज सापडतात. मोबाइल उघडला की परदेशी संचांच्या जाहिराती सुरू होतात : वर्षभराचं सगळं एका खोक्यात, दिवसागणिक धडे आखलेले. किंमत डॉलरमध्ये. एवढं सगळं समोर असताना काय घ्यावं हे सुचत नाही, म्हणून प्रश्न उलटा विचारावा असं मी सांगते : यातलं काय आपल्या घराला नको आहे?

शेवटाकडून मागे

नको काय ते ठरवायला आधी कुठे पोचायचं ते कळायला हवं. घरी शिकणाऱ्या मुलाला वाटेत दोन-तीनच टोलनाके लागतात. महाराष्ट्र राज्य मुक्त विद्यालय मंडळ २०१७मध्ये स्थापन झालं. त्याच्या पाचवीच्या परीक्षेला किमान १० वर्षं वय लागतं आणि आठवीच्या परीक्षेला १३. केंद्राच्या राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेत, म्हणजे एनआयओएसमध्ये, ए, बी आणि सी हे स्तर अनुक्रमे तिसरी, पाचवी आणि आठवीच्या बरोबरीचे आहेत. तिथल्या दहावीला वय १४ पूर्ण हवं आणि पाच विषय लागतात. नोंदणी पाच वर्षं चालते, त्यामुळे ते पाच विषय एका दमात द्यावे लागत नाहीत.

या नाक्यांकडे कानाडोळा करून चालत नाही. मुंबईची एक मुलगी सातवीनंतर शाळा सोडून घरी शिकली. संगणकाच्या आंतरराष्ट्रीय ऑलिंपियाडमध्ये तिने तीन पदकं मिळवली आणि २०१६मध्ये तिला अमेरिकेतल्या एमआयटीत प्रवेश मिळाला. बारावीचं प्रमाणपत्र नसल्यामुळे आयआयटीचं दार मात्र तिच्यासाठी बंद होतं. अशी पदकं हजारात एखाद्याला मिळतात. बाकीच्यांच्या हातात कागद असलेला बरा.

दोन नाक्यांमधली वाट मात्र आपली असते. पाचवीपर्यंत काय यायला हवं याची यादी केली तर ती आश्चर्य वाटावं इतकी छोटी निघते : मराठी अस्खलित वाचणं, मनातलं चार परिच्छेदांत लिहिणं, चार मूलक्रिया, अपूर्णांक आणि दशांशाची ओळख, सोपं इंग्रजी, परिसराची जाण. ते कोणत्या महिन्यात, कोणत्या क्रमाने आणि कशाच्या मदतीने यायचं, हे घराने ठरवायचं.

कोसबाडने काय सोडलं

निवड म्हणजे सोडणं, याचं सगळ्यात चांगलं उदाहरण आपल्याच जिल्ह्यात आहे. ताराबाई मोडक भावनगरला गिजुभाई बधेकांबरोबर काम करून आलेल्या. माँटेसरी पद्धत त्यांना पुरती अवगत होती. १९४५मध्ये त्यांनी अनुताई वाघांना सोबत घेऊन बोर्डीला ग्राम बालशिक्षा केंद्र सुरू केलं. १९५७च्या सुमारास ते काम डहाणूजवळच्या कोसबाडच्या टेकडीवर गेलं.

माँटेसरीची साधनं महाग आणि गुळगुळीत लाकडाची. खेड्यातल्या बालवाडीला ती परवडणारी नव्हती आणि मुलांच्या ओळखीचीही नव्हती. ताराबाईंनी साधनं सोडली, तत्त्व ठेवलं. मूल हाताने हाताळत, आपल्या गतीने, निवडून शिकतं, हे तत्त्व. लाकडी ठोकळ्यांच्या जागी शिंपले, बिया, गोटे, पानं, माती आली. मोजायला चिंचोके चालतात आणि लहान-मोठं लावायला शंखही पुरतात.

मग दिसलं की गरीब वस्तीतली मुलं बालवाडीत येतच नाहीत. तेव्हा दुसरी गोष्ट सुटली : शाळेची इमारत. साहित्य उचलून त्या दोघी वस्तीच्या अंगणात गेल्या आणि अंगणवाडी उभी राहिली. पुढे १९७५मध्ये केंद्र सरकारच्या एकात्मिक बालविकास योजनेने हे नाव देशभर नेलं. कोसबाडला आणखी एक अडचण होती. वारली घरांतली मोठी मुलं धाकट्यांना सांभाळायची, गुरं राखायची. म्हणून पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच आवारात आणून विकासवाडी झाली, आणि गुराखी मुलांसाठी कुरणशाळा. इथे शाळेची ठरलेली वेळही सुटली. १९८२मध्ये सुरू झालेल्या 'ग्राममंगल' संस्थेने ऐने परिसरात हाच धागा पुढे नेला.

महाग साधन, इमारत, घड्याळ ही तिन्ही सोडूनही शिक्षण राहिलं, कारण काय धरून ठेवायचं ते त्या दोघींना नेमकं माहीत होतं. घरी शिकवणाऱ्याने परदेशी खोक्याची मागणी नोंदवण्याआधी एकदा कोसबाड बघून यावं.

रोजचं थोडं, आठवड्याचं मोठं

आमच्या घरी रोजचं असं तीनच : वाचन, लेखन, गणित. सकाळचे दीड-दोन तास त्याला पुरतात, कारण वर्गात चाळीस मुलांची हजेरी, रांगा आणि वह्या तपासणं यांत जाणारा वेळ घरी वाचतो. पाढे सोडले नाहीत. हस्ताक्षर सोडलं नाही. सोडलं ते असं : स्वाध्याय पुस्तिका, पाचवीच्या आधीच्या व्याकरणाच्या व्याख्या, गाळलेल्या जागा, आणि एकच धडा तीन वह्यांत उतरवून काढणं.

बाकीचे विषय आठवड्याचे. त्यांची सुरुवात शक्यतो बाहेर होते आणि पुस्तक नंतर उघडतं. तीन नमुने देते.

पहिला सातपाटीचा. कोकण किनाऱ्यावर भरतीची ढोबळ वेळ काढायचा जुना हिशेब आहे : तिथीची पाऊणपट. चतुर्थीला तीनच्या सुमारास, अष्टमीला सहाच्या. चौथी-पाचवीच्या मुलाला अपूर्णांकांचा गुणाकार शिकवायला याहून चांगलं उदाहरण नाही. महिनाभर दिनदर्शिकेतली तिथी, हिशेबाने आलेली वेळ आणि भरतीच्या तक्त्यातली वेळ शेजारी शेजारी लिहायची. पौर्णिमेकडे जाताना हिशेब मागे पडू लागतो. पौर्णिमेला तो सव्वाअकरा सांगतो, तर खरी भरती त्यानंतर येते. का? तीस तिथींत भरतीची वेळ पूर्ण २४ तास सरकते, म्हणजे तिथीमागे सरासरी ४८ मिनिटं, आणि पाऊण तास म्हणजे ४५. पाऊणपटीऐवजी चार-पंचमांश घेतले तर काय होईल, हे मूल स्वतःच करून बघतं. त्याच्या जोडीला जून-जुलैतली मासेमारीबंदी आणि नारळी पौर्णिमा आली की भूगोल वेगळा घ्यावा लागत नाही.

दुसरा अणुऊर्जा केंद्राचा. तारापूरचं केंद्र १९६९मध्ये सुरू झालं, देशातलं पहिलं. आमच्याकडे कुणाचा ना कुणाचा काका-मामा तिथे कामाला असतोच, तरी वीज कशी होते ते मुलांना ठाऊक नसतं. पहिल्या दोन संचांत पाणी अणुभट्टीतच उकळतं आणि तीच वाफ टर्बाइन फिरवते. तिसऱ्या-चौथ्यात जड पाणी उष्णता वाहून आणतं आणि साधं पाणी वेगळ्या ठिकाणी उकळतं. दोन आकृत्या काढायच्या, समुद्राचं पाणी कशाला लागतं ते विचारायचं, मग विज्ञानाच्या पुस्तकातला वाफेचा आणि उष्णतेचा धडा. क्षमतेची बेरीजही आहेच : १६० मेगावॉटचे दोन, ५४०चे दोन, मिळून १४००.

तिसरा इतिहासाचा. सातवीत मराठ्यांचा काळ येतो. तारापूरचा किल्ला चिमाजी अप्पांच्या मोहिमेत जानेवारी १७३९मध्ये पोर्तुगीजांकडून घेतला गेला, आणि त्याच वर्षी मे महिन्यात वसई पडली. आठवीत १९४२ येतं. पालघरला १४ ऑगस्ट १९४२ला गोळीबारात पाच जण हुतात्मा झाले. त्यांचं स्मारक असलेल्या चौकातून आपण रोज जातो. आधी चौक, मग धडा, हा क्रम एकदा जमला की सनावळी पाठ करून घ्यावी लागत नाही.

कपाटात काय असावं

पुस्तकांवर सुरुवातीलाच मोठा खर्च करू नये. बालभारतीची सगळी पाठ्यपुस्तकं पीडीएफ रूपात फुकट मिळतात. तिसरीचं परिसर अभ्यासाचं पुस्तक जिल्हावार निघत आलं आहे, ते पालघरचंच घ्यावं. बालभारतीचं 'किशोर' मासिक १९७१पासूनचं आहे आणि जुने अंकही ऑनलाइन वाचता येतात. सत्तरच्या दशकातला एखादा अंक काढून द्या, मूल दुपारभर कुणाला हाक मारत नाही.

विकत घ्यायची ती पुस्तकं वर्षानुवर्षं पुरणारी असावीत. माधुरी पुरंदरे यांची 'वाचू आनंदे' आणि 'लिहावे नेटके' ही पहिली खरेदी. पहिल्यात उत्तम मराठी साहित्यातले वेचे चित्रांच्या संगतीत येतात, दुसऱ्यात व्याकरण आणि लेखन खेळकर पद्धतीने. या दोन्हींनी आमच्याकडची भाषेची बाकीची सगळी गाइडं बाद केली. प्रथम बुक्सच्या स्टोरीवीव्हरवर मराठी गोष्टी मोफत आहेत आणि तीच गोष्ट इंग्रजीतही सापडते, त्यामुळे इंग्रजी वाचनाची सोय होते. विज्ञानासाठी अरविंद गुप्तांची टाकाऊतून खेळणी. सुया, स्ट्रॉ, काडेपेट्या घरात असतातच.

स्वतःसाठी दोनच गोष्टी सुचवते. गिजुभाईंचं 'दिवास्वप्न' हे चौथीच्या वर्गावर प्रयोग करणाऱ्या एका शिक्षकाची कथा आहे आणि मराठीतही मिळतं. दुसरं, पुण्याहून १९८७पासून निघणारं 'पालकनीती'. पालकाने वाचणं थांबवलं की घरातली शाळा महिन्याभरात शिकवणी वर्ग होते.

माध्यमाचं काय? पाचवीपर्यंत गणित आणि परिसर मराठीतून घ्यावं, सोबत इंग्रजी संज्ञा भिंतीवर लावाव्यात. पुढे दहावीला माध्यम बदलायचं झालं तर अडत नाही. बोईसरच्या चाळीत मूल हिंदी, गुजराती आणि मांगेली-वाडवळी कानावर घेतच असतं, त्या भाषांना वेगळा तास कशाला?

शिफ्ट, धाकटं आणि आजी

अभ्यासक्रमाचं सगळ्यात मोठं भांडण पुस्तकाशी होत नाही, घराशी होतं. एमआयडीसीत काम करणाऱ्या घराला फर्स्ट, सेकंड आणि नाइट शिफ्टचं वेळापत्रक असतं, आणि कंपनीची सुट्टी रविवारीच येते असं नाही. नाइट करून आलेला बाबा सकाळी झोपलेला असतो, तेव्हा पाढे मोठ्याने म्हणता येत नाहीत. अशा आठवड्यात लेखन आणि चित्रं सकाळी ठेवावीत, गणित संध्याकाळी बाबांकडे द्यावं. महिन्याचं वेळापत्रक शिफ्टच्या तक्त्याशेजारी बसून आखलं की आठवड्यातून दोनदा मोडत नाही.

घरात धाकटं असेल तर विकासवाडी आठवावी. त्याला बाजूला ठेवून मोठ्याला शिकवणं जमत नाही. त्याच्या हातात बिया, वाट्या, पाणी द्यावं आणि मोठ्याने त्याला गोष्ट वाचून दाखवावी. मोठ्याचं प्रकट वाचन त्यातच होतं.

सासूबाईंचा प्रश्न वेगळा असतो : "अगं, पण शाळेत न जाता हा चार लोकांत कसा वागायला शिकणार?" हा प्रश्न टाळू नये, कारण तो खरा आहे. शाळा मुलाला रोज पंचवीस-तीस सवंगडी आयते देते, घर देत नाही. म्हणून संध्याकाळचं मैदान, गणेशोत्सवातलं मंडळ, एखादा तालीम वा तबल्याचा वर्ग या गोष्टी आमच्याकडे जोडकामात मोडत नाहीत. त्या अभ्यासक्रमातच आहेत, आणि वेळ कमी पडला तर आधी इतिहासाचा तास जातो, मैदान जात नाही. आजींना या कामात घ्यावं. पाऊणकी आणि अडीचकी घरात फक्त त्यांनाच येते.

दारावर कुणी आलं तर

शाळाबाह्य मुलांच्या सर्वेक्षणासाठी शिक्षक घरोघर फिरतात. त्यांच्याशी वाद घालू नये. ते मोलाचं काम करतात. याच जिल्ह्यात वीटभट्टीवर स्थलांतर करणाऱ्या कुटुंबांची मुलं शाळेला मुकतात, आणि त्यांच्यासाठी 'विधायक संसद' या संस्थेने भट्टीवरच भोंगाशाळा भरवल्या होत्या. त्या मुलांना निवड नव्हती. आपल्याला ती आहे, म्हणून ती दाखवता येण्याची जबाबदारीही आपली. एक फाइल ठेवा : जन्मदाखला, आधार, पूर्वीच्या शाळेचा दाखला असेल तर तो, महिनावार वाचलेल्या पुस्तकांची यादी, तारीख घातलेले लेखनाचे नमुने, गणिताची वही, भरतीचा तक्ता. मुक्त शाळेत नोंदणी करताना यातले कागद लागतातच. वर्षाअखेरीस ही फाइल चाळली की पुढच्या वर्षी आणखी काय सोडता येईल तेही तिच्यातच दिसतं.

पुढच्या लेखात : मुक्त शाळेचा पाचवीचा अर्ज कसा भरायचा, आणि संपर्क केंद्र निवडताना काय विचारायचं.