गरोदरपण आणि मिश्रीची डबी

सातव्या महिन्यात प्रथमच तपासायला आलेल्या बाई. खालची पापणी ओढून पाहिली तर आतून पांढरीफटक, हिमोग्लोबिन साडेसात. "काही व्यसन?" या प्रश्नाला उत्तर ठरलेले, "नाही हो डॉक्टर." पण दातांवरचा काळा थर लपत नाही. मिश्रीला आपल्याकडे व्यसन मानतच नाहीत, ते दात घासणे! खरे तर ती तव्यावर भाजलेली तंबाखूच. तिच्यातील निकोटिन हिरड्यांतून रक्तात उतरते, वारेकडे जाणाऱ्या रक्तवाहिन्या आकसतात आणि बाळाचे पोषण तुटपुंजे होते.

मुंबईतील गरोदर स्त्रियांची एक पाहणी २००४ साली प्रसिद्ध झाली. मिश्री वा तंबाखू वापरणाऱ्यांच्या बाळांचे वजन सरासरी १०५ ग्रॅमने कमी भरले. दिवस भरण्याआधीच्या प्रसूतीही त्यांच्यात अधिक होत्या. अडीच किलोच्या उंबरठ्यावरील बाळाला शंभर ग्रॅम थोडे नव्हेत.

"मिश्रीशिवाय पोट साफ होत नाही," ही तक्रार खोटी नसते, शरीराला तशी सवय लागलेली असते. कोमट पाणी, पालेभाजी आणि थोडी चिकाटी यांनी ती मोडते. सासूबाईंनीही डबी बाजूला ठेवली तर सुनेचे लवकर सुटते, असा माझा अनुभव आहे.

लोहाची गोळी चौथ्या महिन्यापासून रोज, निदान १८० दिवस घ्यावी. हिमोग्लोबिन ११ च्या खाली असल्यास मात्रा डॉक्टर वाढवतील. गोळी चहाबरोबर नको, लिंबूपाण्याबरोबर चालेल. शौचास काळी होते, त्याला घाबरून गोळ्या फडताळात टाकू नयेत.