नवी गाडी, गार केबिन, गायब क्लच!

नवा कोरा ट्रक शोरूममधून बाहेर पडतोय. नारळ फुटला, बंपरला लिंबू-मिरची लागली, पेढे वाटून झाले. शेठ विचारतायत, ‘‘अ‍ॅव्हरेज किती देईल?’’ आणि ड्रायव्हर? तो सीट मागे-पुढे करून बघतोय, मागच्या बर्थवर पाय पुरतील का याचा अंदाज घेतोय, दोन्ही आरशांत डोकावतोय. मंडळी, ट्रकचा खरा रिव्ह्यू इथं सुरू होतो! ब्रोशर बोलतं हॉर्सपॉवरचं, ड्रायव्हर बोलतो कंबरेचं. चला तर, मारा सेल्फ!

माहीत आहे का? १ ऑक्टोबर २०२५ पासून भारतात तयार होणाऱ्या, साडेतीन टनांपेक्षा जास्त एकूण वजनाच्या प्रत्येक मालट्रकला एसी केबिन सक्तीची झाली आहे. आपले ड्रायव्हर ४३ ते ४७ अंशांच्या उकाड्यात गाडी चालवतात, हे केंद्रीय मंत्री नितीन गडकरी जाहीरपणे सांगत होते. डिसेंबर २०२३ मध्ये अधिसूचना निघाली. खर्च वाढेल, गारव्यानं ड्रायव्हरला डुलकी लागेल, असे आक्षेपही आले. अहो, माणूस थकतो तो उकाड्यानं! विदर्भातल्या मे महिन्यात दुपारी दोन वाजता केबिनमध्ये बसलेल्या कुठल्याही उस्तादला विचारा.

पण ट्रकच्या केबिनचीच भट्टी का होते? कारण आपल्या ट्रकचं तोंड चपटं! इंजिन नाकात नाही, थेट केबिनखाली. जुन्या गाड्यांत ड्रायव्हरच्या शेजारीच इंजिनाचा उंचवटा असायचा आणि त्यावर घोंगडी टाकून क्लीनर बसायचा. बाहेरून ऊन, आतून इंजिन. डबल धमाका!

मग अमेरिकन ट्रकना एवढं लांबलचक नाक कसं? उत्तर कायद्यात आहे. १९८२ च्या कायद्यानं तिथल्या मुख्य महामार्गांवर सगळ्या गाडीची लांबी मोजणं बंद झालं, फक्त ट्रेलरची मोजायची असं ठरलं. झालं, इंजिन पुढं सरकलं आणि ट्रकना नाक फुटलं! युरोपात आजही सगळी गाडी मोजतात, म्हणून तिथं चपट्या तोंडांचंच राज्य.

एसीबद्दल ड्रायव्हरांचं मत एकच आहे असं समजू नका. धूळ कमी झाली, हॉर्नचा कलकलाट कमी झाला, संध्याकाळी डोकं दुखत नाही, हा आनंद मोठा. पण जुने-जाणते म्हणतात, काच बंद केली की गाडीचं बोलणं ऐकू येत नाही. टायरमधून हवा जातेय, पाटा कुरकुरतोय, मागून कोणी चढाई करतोय, हे सगळं त्यांना उघड्या खिडकीतून कळायचं. तीस वर्षं कानानं गाडी चालवलेल्या माणसाचं हे म्हणणं उडवून लावण्यासारखं नाही.

आणि मुख्य अडचण रात्रीची. ट्रकचा एसी सहसा इंजिनाच्या जोरावर चालतो. ढाब्यावर गाडी लावली, इंजिन बंद केलं की गारवाही बंद! चालू ठेवावं तर डिझेल जळतं आणि शेठचा पारा चढतो. अमेरिकेत यासाठी अनेक ट्रकना वेगळं छोटं इंजिन किंवा बॅटरी असते. आपल्याकडे पुढचा नंबर त्याचाच लागायला हवा.

क्विक क्विझ! टाटाच्या जुन्या गाडीवर ‘१६१२’ लिहिलंय. काय अर्थ? पहिले दोन आकडे साधारण एकूण वजनाचे टन, पुढचे दोन ताकदीचे, शेवटी एक शून्य लावा. म्हणजे १६ टन, १२० हॉर्सपॉवर. आता ‘सिग्ना ४८२५’ तुम्हीच सोडवा. ४७.५ टन, २५० हॉर्सपॉवर आणि तब्बल १६ चाकं. बाय द वे, हायवेवर मॉडेलचं नाव फारसं कोणी घेत नाही. तिथं गाडी ओळखतात चाकांवरून: दहा चक्का, बारा चक्का, सोळा चक्का.

आता येऊ या गायब पेडलकडे. अनेक नव्या ट्रकमध्ये क्लच पेडलच नसतं! संगणक स्वतः क्लच दाबतो, स्वतः गिअर बदलतो. व्होल्वोनं आपला ‘आय-शिफ्ट’ गिअरबॉक्स २००१ मध्ये आणला आणि आता अशा गाड्या आपल्या रस्त्यांवरही दिसू लागल्यात. पहिले काही दिवस ड्रायव्हरचा डावा पाय सवयीनं उचलला जातो आणि हवेतच क्लच दाबतो. मग कधीतरी खंबाटकी घाटात, समोर गाड्यांची रांग लागलेली असताना लक्षात येतं: आज गुडघा दुखत नाहीये. तिथं गिअरबॉक्सनं मन जिंकलेलं असतं! तक्रार एकच: ओव्हरटेक करताना गिअर क्षणभर विचार करत बसतो. त्या एका क्षणात उस्तादचा जीव वर-खाली.

आता जरा वेग कमी करा, हा मुद्दा जिवाचा आहे. उतारावर ‘न्यूट्रल मारलं’ की डिझेल वाचतं, हे पिढ्यान् पिढ्या एका ड्रायव्हरनं दुसऱ्याला शिकवलं. माहीत आहे का, नव्या इलेक्ट्रॉनिक इंजिनात उतारावर हे गणित उलटं झालंय? गाडी गिअरमध्ये ठेवून अ‍ॅक्सिलरेटरवरून पाय काढला की इंजिन डिझेल घेणंच बंद करतं. चाकंच त्याला फिरवत राहतात. न्यूट्रलमध्ये मात्र इंजिन चालू राहण्यापुरतं डिझेल पितच राहतं! म्हणजे जीव टांगणीला लावून बचत शून्य.

इंजिनच बंद केलं तर आणखी भयंकर. ब्रेकसाठी हवा भरणारा कॉम्प्रेसर थांबतो, पॉवर स्टेअरिंग जड होतं. शिवाय इंजिनाचा अडसर नाही, म्हणून सगळा भार ब्रेकवर येतो, ड्रम तापतात आणि ऐन वेळी ब्रेक लागत नाहीत. पुण्यात कात्रजच्या नव्या बोगद्याकडून नवले पुलाकडे येणाऱ्या उतारावरच्या अपघातांनंतर हेच कारण वारंवार पुढे आलंय. काही नवे गिअरबॉक्स सौम्य उतारावर स्वतःच गाडी मोकळी सोडतात, पण वेग वाढताच गिअर परत टाकतात. तो निर्णय यंत्रावर सोडा. घाटात गिअर म्हणजे गिअर!

चला, पुन्हा टॉप गिअर! चाकणच्या कारखान्यात बनणाऱ्या महिंद्रा ब्लाझोनं २०१६ मध्ये ट्रकवाल्यांना चकितच केलं. हमी काय दिली? जास्त अ‍ॅव्हरेज मिळालं नाही तर ट्रक परत! या गाडीत ड्रायव्हरच्या हाताशी निवड दिली होती: लाइट, हेवी, टर्बो. गाडी खाली असेल तर लाइट, भरलेली असेल तर हेवी, चढ लागला तर टर्बो. ड्रायव्हर मनातल्या मनात जो हिशेब करायचा, तो कंपनीनं बटणावर आणला.

आणि ट्रकला युरिया का पाजतात? शेतीसाठी नव्हे! एप्रिल २०२० पासून धुराचा बीएस-६ नियम लागू झाला आणि बहुतेक मोठ्या ट्रकना डिझेलच्या जोडीला दुसरी, छोटी टाकी मिळाली. त्यात ३२.५ टक्के युरिया, बाकी शुद्ध पाणी. धुरातले विषारी नायट्रोजन ऑक्साइड त्यानं कमी होतात. टाकी संपू दिली तर गाडी रुसते, ताकद कमी करते. ‘‘गाडी ओढत नाही’’ असा फोन आला की आधी युरिया तपासा!

आता थोडी परदेशवारी. मर्सिडीजच्या नव्या अ‍ॅक्ट्रॉसमध्ये २०१८ साली आरसेच काढून टाकले. बाहेर कॅमेरे, आत स्क्रीन. ड्रायव्हर गोंधळले! आरशात पुढं वाकून पाहिलं की कोपऱ्यातलं थोडं जास्त दिसतं, स्क्रीनसमोर कितीही वाका, चित्र तेच. अंतराचा अंदाजही चुकायचा. कंपनीनं २०२२ मध्ये सुधारित प्रणाली आणली, त्यात कॅमेऱ्यांचे हात १० सेंटिमीटरनं आखूड केले. एक सोय मात्र सगळ्यांना पटावी अशी: रात्री पडदे ओढून झोपलेला ड्रायव्हर बटण दाबून बाहेर कोण घुटमळतंय ते बघू शकतो. डिझेलचोरांनो, स्माइल प्लीज!

टेस्लाच्या सेमी ट्रकमध्ये तर ड्रायव्हरची सीट डावीकडे नाही, उजवीकडेही नाही. चक्क मधोमध! डिसेंबर २०२२ मध्ये पहिल्या गाड्या पेप्सिकोला मिळाल्या. समोरचा रस्ता झकास दिसतो, पण गेटवर कागद द्यायचे तर खिडकी हाताच्या टप्प्यात नाही, उठावं लागतं. टोलनाक्यांच्या आपल्या देशात ही सीट चालेल? उत्तर तुम्हीच द्या.

सगळ्यात गोड टेस्ट ड्रायव्हर कोण? चार्ली. जात: हॅमस्टर, म्हणजे उंदरासारखा इवलासा प्राणी! २०१३ मध्ये स्पेनमधल्या एका खाणीत व्होल्वोच्या ट्रकच्या स्टेअरिंगवर त्याचं फिरतं चाक बसवलं. शेजारचा माणूस गाजर दाखवेल तिकडे चार्ली पळायचा आणि ट्रक वळायचा. पेडलं त्या माणसाकडेच होती, घाबरू नका. स्टेअरिंग किती हलकं आहे हे सांगायला याहून भारी जाहिरात नाही. खांदे भरून आलेल्या ड्रायव्हरला तिचा अर्थ लगेच कळतो.

ताकदीचा नमुनाही बघा: व्होल्वोच्याच एका ट्रकनं २०१६ मध्ये स्वीडनच्या गोथेनबर्ग बंदरात ७५० टनांची कंटेनरची रांग १०० मीटर ओढून नेली.

आणि आपले उस्ताद मागे आहेत का? मुळीच नाही! २०१४ मध्ये नोएडाजवळच्या बुद्ध सर्किटवर टाटा प्रायमा ट्रकची शर्यत सुरू झाली, तेव्हा स्टेअरिंगवर परदेशी रेसर होते. २०१६ मध्ये रोज मालवाहतूक करणाऱ्या भारतीय ड्रायव्हरांना निवडून, प्रशिक्षण देऊन ट्रॅकवर उतरवलं. हायवेवर ८० ला अडवणारा स्पीड गव्हर्नर सोसणारे हात रेसिंग ट्रकवर! नव्या गाडीची यापेक्षा जबरी ट्रायल कुणाला मिळाली असेल?

तेव्हा शेठ, एक विनंती. नवी गाडी बुक करायला जाताना ड्रायव्हरला सोबत न्या. चेकवर सही करण्याआधी त्याला गाडी भरून घाटात एक फेरी मारू द्या, बर्थवर आडवं होऊ द्या आणि खाली उतरल्यावर तो काय म्हणतो ते नीट ऐका. पुढची दहा वर्षं त्या सीटवर तोच बसणार आहे.