यंत्रबाहूवरचे आसन

कारखान्यातील यंत्रबाहूभोवती बहुधा कुंपण असते. तो चालू असता माणसाने आत जायचे नाही. जर्मनीत ट्युबिंगेन येथील मॅक्स प्लांक संस्थेत मात्र 2007 च्या सुमारास अशाच बाहूच्या टोकाशी आसन बसवून त्यावर माणूस बसविला गेला. हेतू, आभासी प्रवासात देहालाही गती जाणवावी. जुना बाहू स्वस्त मिळेल. परंतु पट्टे, गतिमर्यादा, तत्काळ थांबविणारी कळ यांत काटकसर चालणार नाही. मग ती करावी कोठे? हालचालीत. समोरचे दृश्य धावत असता आसन हळूच मागे कलले, तरी अंतःकर्णाला वेग वाढल्याचाच भास होतो. तेव्हा घरी लहानसे, मंद हलणारे आसनही पुष्कळ. झेप आखूड करावी, सुरक्षितता नव्हे.