घरची गाडी, लेखांक सातवा : खाऱ्या वाऱ्यातली पद्मिनी

२९ ऑक्टोबर २००३ रोजी ताडदेवच्या आरटीओत मुंबईतल्या शेवटच्या प्रीमियर पद्मिनी टॅक्सीची नोंदणी झाली. मुंबईत टॅक्सीचे आयुष्य २० वर्षांचे, त्यामुळे ऑक्टोबर २०२३ सरता सरता ती काळी-पिवळी रस्त्यावरून कायमची उतरली. त्या दिवसांत वर्तमानपत्रांनी तिला भरभरून निरोप दिला. बहुतेकांचा सूर एकच होता, गाडी असावी तर अशी, दणकट आणि कधी दगा न देणारी.

ही लेखमाला मोटारीच्या भरवशाविषयी आहे. तेव्हा या सुरात किती तथ्य आहे हे पाहायलाच हवे, आणि ते पाहायला जुहू ही फार चांगली जागा आहे. टॅक्सी दिवसरात्र धावत होती. तिच्या मागे चालक होता, मिस्त्री होता, रोजची देखभाल होती. जुहूतली घरची पद्मिनी मात्र आठवड्यातले चार-पाच दिवस इमारतीच्या आवारात उभी असायची, नारळाच्या झाडाखाली, समुद्राकडे तोंड करून. गाडीचा खरा दर्जा धावताना जितका कळतो तितकाच ती उभी असतानाही कळतो.

आधी थोडा इतिहास. वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी काढली आणि तिचा कारखाना कुर्ल्याला उभा राहिला. जुहूपासून सरळ रेषेत ते अंतर दहा किलोमीटरसुद्धा नाही. सुरुवातीला तिथे डॉज, डिसोटो, प्लिमथ अशा अमेरिकन गाड्यांची जुळणी होई. पुढे इटलीच्या फियाटशी करार झाला. १९६४ मध्ये ‘फियाट ११०० डिलाइट’ आली, आणि तीच गाडी सत्तरच्या दशकात आधी ‘प्रेसिडेंट’ आणि मग ‘पद्मिनी’ झाली. १०८९ सीसीचे इंजिन, स्टिअरिंगच्या दांड्यालाच जोडलेला चार गिअरचा हँड गिअर, चारही चाकांना ड्रम ब्रेक. इटलीत फियाटने ११०० ही मालिकाच १९६९ मध्ये बंद केली. आपल्याकडे तोच साचा शतक संपेपर्यंत चालला. कुर्ल्याच्या त्या जमिनीवर आज कोहिनूर सिटी उभी आहे आणि कारखान्याची खूण म्हणून प्रीमियर रोड हे नाव उरले आहे.

एकच साचा इतकी वर्षे चालला, कारण त्याला आव्हान देणारे बाजारात कुणी नव्हते. किती गाड्या बनवायच्या ते सरकार ठरवी, गाडी कुणी कशी विकायची याचे नियम १९५९ च्या आदेशाने बांधले होते आणि पुढे किमतीही सरकारने ठरवल्या. गिऱ्हाईक पैसे भरून वर्षानुवर्षे नंबर लागण्याची वाट पाहत असे. गाड्यांच्या दर्जाबद्दल इतकी ओरड झाली की १९६७ मध्ये केंद्र सरकारला मोटारींच्या दर्जाची चौकशी करणारी समिती नेमावी लागली. आज जुन्या गाडीच्या आठवणीत रमणाऱ्यांनी ही गोष्ट ध्यानात ठेवावी. ज्या काळाला आपण दणकट म्हणतो, त्याच काळात मालकांच्या तक्रारी दिल्लीपर्यंत पोचल्या होत्या.

तक्रारी कसल्या होत्या, तर रोजच्या. मे महिन्याच्या दुपारी अंधेरीच्या सिग्नलला गाडी अडकली की इंजिनाला चिकटून बसलेला पेट्रोल पंप तापायचा, पेट्रोलची वाफ व्हायची आणि गाडी बंद पडायची. याला सगळे ‘एअर लॉक’ म्हणत. उपाय ठरलेला : बॉनेट उघडायचे, पंपावर ओले फडके ठेवायचे, दहा मिनिटे थांबायचे. हँड गिअरच्या सळ्यांचे बुश झिजले की दोन गिअरांच्या मध्येच दांडा अडकायचा. मग खाली उतरून, बॉनेटखाली हात घालून सळ्या जागेवर आणायच्या. पावसाळी सकाळी डिस्ट्रिब्युटरमध्ये ओल गेली की झाकण काढून कोरड्या कापडाने पुसायचे, पॉइंट काळे पडले असतील तर पॉलिश पेपरने घासायचे. तेवढ्यानेही भागले नाही तर वॉचमन आणि दूधवाला यांना हाक मारून धक्का. पुढच्या चाकांच्या किंगपिनला वेळच्या वेळी ग्रीस मिळाले नाही की स्टिअरिंग जड व्हायचे. काचा वर-खाली करणारी हँडले हातात यायची. दरवाजे लोंबायचे.

यातले एकही काम गाडी गॅरेजला ओढून नेण्याइतके मोठे नव्हते, आणि पद्मिनीची सगळी कीर्ती यातूनच आली आहे. एखादी गाडी किती वेळा बंद पडते आणि बंद पडल्यावर किती लवकर चालू होते, हे दोन वेगळे प्रश्न आहेत. पहिल्या प्रश्नात पद्मिनी काठावर पास होते. दुसऱ्यात तिला तोड नाही. पार्ल्याच्या गल्लीतला मिस्त्री, कुर्ल्याच्या सीएसटी रोडवरचा भंगारवाला, चोर बाजारातला जुन्या सुट्या भागांचा दुकानदार, शेजारचे हौशी काका, यांच्या हातात तिचा जीव होता. लोक तिच्या भरवशाबद्दल बोलतात तेव्हा या माणसांच्या भरवशाबद्दल बोलत असतात. ते श्रेय आपण कारखान्याला देत आलो. ते या हातांना द्यायला हवे, असे मला मनापासून वाटते.

पण एका शत्रूपुढे हे हातही हरले. तो म्हणजे जुहूचा वारा.

जुहूचा किनारा पश्चिमेला उघडा आहे आणि जूनपासून सप्टेंबरपर्यंत नैर्ऋत्येचा वारा लाटांचे तुषार उडवत थेट घरांवर येतो. तुषारातले पाणी उडून जाते, मीठ पत्र्यावर बसते. हे मीठ वेगळेच वागते. हवेतली सापेक्ष आर्द्रता ७५ टक्क्यांच्या आसपास पोचली की ते हवेतले पाणी ओढून घेते आणि स्वतःच त्यात विरघळते. म्हणजे पाऊस पडला नाही, कुणी पाणी मारले नाही, तरी पत्र्यावर खाऱ्या पाण्याचा पातळ थर राहतो. लोखंड गंजायला नेमके हेच लागते. जुहूत पावसाळाभर हवा इतकी दमट असतेच, हिवाळ्यातल्या पहाटेसुद्धा पुष्कळदा असते. हवेतल्या मिठाचे प्रमाण किनाऱ्यालगतच्या काही शे मीटरांत सर्वांत जास्त असते आणि पुढे झपाट्याने उतरते. म्हणून जुहू तारा रोडला उभी राहणारी गाडी आणि स्वामी विवेकानंद मार्गापलीकडे उभी राहणारी गाडी एकाच दिवशी, एकाच दुकानातून घेतलेल्या असल्या तरी दहा वर्षांनी त्यांचे पत्रे वेगळे दिसतात. मालकांचे अनुभव ऐकताना गाडी कुठे उभी राहते हे विचारले नाही, तर त्या अनुभवाला अर्थ राहत नाही. ‘माझी गाडी पंधरा वर्षे लखलखीत होती’ म्हणणारे मुलुंडचे आणि ‘पाच वर्षांत पत्रा सडला’ म्हणणारे जुहूचे, दोघेही खरेच बोलत असतात.

पद्मिनीच्या बाबतीत गंज विशेष महाग पडे, कारण तिला वेगळी चौकट नव्हती. ट्रकला किंवा जीपला खाली लोखंडी चासी असते आणि वर बॉडी. पद्मिनीची बॉडी हीच तिची चौकट. खालचा पत्रा, दारांखालचे पायदान, मागचे पाटे जिथे टेकतात ती जागा, हे सारे मिळून गाडीचे वजन पेलतात. त्या काळी पत्र्याला जस्ताचा मुलामा नसे. रंग फक्त दिसणाऱ्या भागावर जाड असे, पोकळ भागांत आतून जवळपास नसेच. गंज सुरू व्हायचा तो तिथेच : दाराच्या तळाशी, जिथे पाणी निचरायची छोटी भोके पालापाचोळ्याने बुजलेली असत, रबरी मॅटखाली, बॅटरीच्या पेटीखाली, चाकांच्या कमानींत. बाहेर रंगाला फोड दिसेपर्यंत आतला पत्रा संपलेला असे.

मग सुरू व्हायचे डेंटिंग-पेंटिंग. सडलेला तुकडा कापायचा, नवा पत्रा वेल्डिंगने जोडायचा, वर लांबी भरायची, घासायची, रंग मारायचा. घाईचे गॅरेज असेल तर कापण्याची तसदीही न घेता गंजावरच लांबी. दोन पावसाळे निघत, तिसऱ्यात तीच जागा पुन्हा फुगे. वेल्डिंगच्या आचेने शेजारचा चांगला पत्राही रंगाविना उघडा पडे, हे फार थोड्या मालकांना सांगितले जाई. गाडीवर जाड प्लॅस्टिकचे आवरण घालणे हा आणखी एक घातक उपाय. आत ओल कोंडते आणि मीठ तर आधीच बसलेले असते. इंजिन पुन्हा बोअर करून नवे करता येत होते, गिअरबॉक्स खोलून बसवता येत होता, पण जुहूतल्या कितीतरी पद्मिनी चालू इंजिनासह भंगारात गेल्या त्या या पत्र्यापायी.

आता आजच्या गाडीकडे येऊ. आजच्या गाड्यांची बॉडी प्राइमरच्या हौदात बुडवून विजेच्या साह्याने लेप देतात, त्यामुळे पोकळ भागांतही थर पोचतो. अनेक कंपन्या जस्त चढवलेला पत्राही वापरतात. कार्बोरेटर गेला, पॉइंट गेले, एअर लॉक तर नव्या मालकांनी ऐकलेलाही नसतो. बंद पडण्याच्या हिशेबात आजची साधीतली साधी गाडीही पद्मिनीच्या कितीतरी पुढे आहे, आणि हे मोकळेपणाने मान्य केले पाहिजे.

दुसऱ्या प्रश्नात मात्र आपण मागे गेलो. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझच्या वेधशाळेत २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला. इर्ला नाल्याच्या आसपास, मिलन सबवेत, अंधेरी सबवेत गाड्या बुडाल्या. पाणी ओसरल्यावर कार्बोरेटरच्या जुन्या गाडीत करायचे काम कष्टाचे असले तरी कळण्यासारखे होते : प्लग काढा, सिलिंडरमधले पाणी काढा, तेल बदला, डिस्ट्रिब्युटर सुकवा, ब्रेक हलके दाबत सुकू द्या. नव्या गाड्यांत पाणी वायरिंगमध्ये आणि इंजिन चालवणाऱ्या इलेक्ट्रॉनिक पेटीत शिरले होते. तिथे फडके चालत नाही. पेटी बदलायची, तीही कंपनीच्याच केंद्रात, कंपनीच्याच संगणकाने. त्यातच अनेकांनी पाण्यात बंद पडलेली गाडी पुन्हा चालू करून पाहिली, सिलिंडरमध्ये पाणी ओढले गेले, कनेक्टिंग रॉड वाकले आणि विम्याच्या वादात महिने गेले.

गल्लीतल्या मिस्त्रीला हे काम शिकता आले नसते असे नाही. त्याला शिकू दिले गेले नाही. भारतीय स्पर्धा आयोगाने २५ ऑगस्ट २०१४ च्या आदेशात १४ मोटार कंपन्यांना मिळून सुमारे २,५४४ कोटी रुपयांचा दंड ठोठावला, तो याच कारणासाठी : सुटे भाग आणि बिघाड शोधण्याची साधने स्वतंत्र गॅरेजांना मिळू न देणे. दंडाविरुद्ध कंपन्या अपिलात गेल्या, पण आयोगाने मांडलेला मुद्दा प्रत्येक मालकाच्या ओळखीचा आहे. डिसेंबर २०२२ मध्ये केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने दुरुस्तीच्या हक्कासाठी पोर्टल सुरू केले. मोटारींचे क्षेत्र त्यात आहे.

पद्मिनीच्या मालकाकडे नव्हते इतके धारदार एक हत्यार आज आपल्याकडे आहे, ते म्हणजे कायदा. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात सदोष मालाबद्दल उत्पादकाच्या जबाबदारीचे स्वतंत्र प्रकरण आहे. मोटार वाहन कायद्यातल्या दुरुस्तीमुळे एप्रिल २०२१ पासून, सुरक्षिततेला बाधा आणणारा दोष असेल तर सात वर्षांच्या आतल्या गाड्या परत बोलावण्याचा आदेश सरकार कंपनीला देऊ शकते. त्यासाठी मालकांच्या तक्रारी सरकारकडे नोंदलेल्या असाव्या लागतात. गॅरेजच्या काउंटरवर तोंडी केलेली तक्रार कुठेच मोजली जात नाही. १९७५ मध्ये सुरू झालेल्या मुंबई ग्राहक पंचायतीचे ग्राहक भवन जुहू-पार्ले स्कीममध्ये, कूपर रुग्णालयाच्या मागे आहे. जुहूच्या रहिवाशाला मार्गदर्शनासाठी दूर जायचे कारणच नाही.

म्हणून किनाऱ्याजवळ राहणाऱ्या वाचकांना माझी कळकळीची विनंती आहे. नवी गाडी घेताना पत्रा आरपार गंजण्याविरुद्धची हमी किती वर्षांची आणि कोणत्या अटींवर, हे लेखी मागा. मे महिन्यात दारांच्या तळाची भोके तारेने मोकळी करून घ्या आणि पावसाळाभर गाडी खालून गोड्या पाण्याने धुवा, वरून धुण्यापेक्षा ते जास्त गरजेचे आहे. सर्व्हिसिंगला गाडी देताना प्रत्येक तक्रार जॉब कार्डावर लिहून घ्या, त्याची प्रत घरी ठेवा. तुमच्याकडे कोणतीही गाडी असो, ती किती वर्षांची आहे, कुठे उभी राहते आणि कुठे गंजली, हे आम्हाला कळवा. पुढच्या आठवड्यात मारुती ८०० वर लिहिताना हे अनुभव उपयोगी पडतील.